मुकुटाकडून बातमीकडे

सौंदर्यस्पर्धा जिंकून पत्रकार झालेल्या भारतीय स्त्रियांत मेहेर कॅस्टेलिनो यांचे नाव आधी घ्यावे लागते. पारशी समाजातल्या मेहेर मिस्त्री १९६४ मध्ये पहिल्या ‘फेमिना मिस इंडिया’ ठरल्या आणि त्याच वर्षी मिस युनिव्हर्स स्पर्धेत उतरल्या. काही वर्षे मॉडेलिंग केल्यावर १९७३ मध्ये ‘ईव्ह्ज वीकली’त त्यांचा फॅशनवरचा पहिला लेख आला. पुढे त्यांचे स्तंभ देशभरातल्या शंभराहून अधिक नियतकालिकांत छापले गेले. ‘मॅनस्टाइल’ (१९८७) आणि ‘फॅशन कॅलिडोस्कोप’ (१९९४) ही पुस्तके झाली. स्वतः रॅम्पवर चाललेली बाई रॅम्पवरच्या कपड्यांबद्दल लिहिते, तेव्हा कापडाचा पोत, शिवण, झोळ तिच्या नजरेतून सुटत नाहीत. फॅशनचे वार्तांकन म्हणजे निव्वळ कौतुक, असे समजणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घेतलेली नसते.

मेहेर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे न जाता छापील पानाकडे वळल्या, यामागे काळाचाही भाग होता. मुकुट मिळाला तेव्हा मुंबईत दूरचित्रवाणीच नव्हती. दिल्लीत १९५९ पासून प्रयोग चालू होते. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेही सरकारी. तिथे उच्चार स्वच्छ हवेत, आवाज ठाम हवा आणि जोडाक्षराला जीभ अडखळता कामा नये, ही अपेक्षा. मराठी बातम्यांना भक्ती बर्वे, स्मिता पाटील अशी माणसे लाभली. स्मिता पाटील जीन्सवरच हातमागाची साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसत, ही आठवण अजून सांगितली जाते. टेबलाखालचे कुणाला दिसणार? पण हे होते वृत्तनिवेदन. बातमी शोधणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. शिवाय इथली वाट उलट दिशेची होती: स्मिता पाटील बातम्यांकडून सिनेमाकडे गेल्या.

अमेरिकेत मात्र गावोगावची खासगी केंद्रे आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या स्पर्धा शेजारी-शेजारी वाढल्या. डायन सॉयर १९६३ मध्ये ‘अमेरिकाज ज्युनिअर मिस’ झाल्या, लुईव्हिलच्या केंद्रावर हवामान सांगू लागल्या आणि १९८४ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या वृत्तकार्यक्रमाच्या पहिल्या महिला वार्ताहर बनल्या. ऑप्रा विन्फ्री यांची कथा त्याहून मजेची. नॅशव्हिलच्या एका रेडिओ केंद्राने पुरस्कृत केलेली ‘मिस फायर प्रिव्हेन्शन’ स्पर्धा त्यांनी शाळकरी वयात जिंकली. बक्षीस घ्यायला केंद्रावर गेल्या असता त्यांच्याकडून सहज काही मजकूर वाचून घेतला गेला आणि बातम्या वाचण्याचे काम मिळाले. म्हणजे मुकुटाने दारापर्यंत नेले, आत घेतले ते आवाजाने.

या वाटेची किंमतही होती. मुकुट घालून आलेल्या बाईला आपण नुसत्या दिसण्यावर आलो नाही, हे सारखे सिद्ध करावे लागते. ग्रेचेन कार्लसन व्हायोलिनवादक, स्टॅनफर्डच्या विद्यार्थिनी आणि १९८९ च्या मिस अमेरिका. फॉक्स न्यूजवर अनेक वर्षे काम केल्यावर जुलै २०१६ मध्ये त्यांनी वाहिनीचे प्रमुख रॉजर एल्स यांच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला. एल्स यांनी आरोप नाकारले, पण त्याच महिन्यात त्यांना पद सोडावे लागले. सप्टेंबरात मूळ कंपनीने कार्लसन यांची जाहीर माफी मागून तडजोड केली. नंतर त्या मिस अमेरिका संस्थेच्याच अध्यक्ष झाल्या आणि जून २०१८ मध्ये स्पर्धेतली स्विमसूटची फेरी बंद करत असल्याचे संस्थेने जाहीर केले.