राग येतो, वैर धरले जाते

राग आणि वैर हे शब्द व्यवहारात अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु मराठी भाषेने त्यांच्या क्रियापदांतच भेद राखून ठेवला आहे. राग येतो आणि जातो. वैर मात्र धरावे लागते. अढी धरणे, डूख धरणे, दावा धरणे या सर्व प्रयोगांत धरणारा कर्ता आहे. हा कर्ता नेमके काय धरून ठेवतो, याचा विचार साधकाने अवश्य करावा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केली यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचे मार्मिक उत्तर दिले आहे. मनुष्य दुसऱ्याविषयी काही अपेक्षा बांधतो. ती खोटी ठरली असताही सोडून न देता, ती खरीच होती असा पुरावा समोरच्याकडून बळाने मिळवू पाहणे, यास ते वैर म्हणतात. अशा वैरास क्रोधाची आवश्यकता नाही. ते शांत मुद्रेनेही चालू शकते.

शिशुपालाचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांच्या 'शिशुपालवध' ग्रंथामुळे त्याचे नाव पंथात सर्वपरिचित आहे. रुक्मिणी आपलीच होणार ही त्याची अपेक्षा कौंडिण्यपुरी फोल ठरली. तथापि श्रीकृष्ण म्हणजे केवळ गवळी, हे मत त्याने सोडले नाही. पुढे धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णांस अग्रपूजेचा मान मिळाला, तेव्हा सभेने आपलेच मत मान्य करावे असा त्याने हट्ट धरला. साक्षात परमेश्वर समोर असता त्यास आपले मतच तेवढे दिसत होते. उलट, त्याचे शंभर अपराध साहणाऱ्या श्रीकृष्णांच्या ठायी धरून ठेवलेले असे काहीच नव्हते.

हा दोष राजसभेतच आढळतो असे नाही. एखाद्या गुरुबंधूविषयी 'हा दांभिक आहे' असा ग्रह एकदा झाला की त्याचे मौन गर्व भासते आणि त्याची सेवा ढोंग वाटते. तो चिडेपर्यंत त्यास टोचले जाते. आणि तो चिडला की 'पाहा, मी म्हणतच होतो' असे समाधान मानले जाते. दुसऱ्याचे अधःपतन हवेसे वाटू लागणे, ही हिंसाच होय.

अन्यायाचा निषेध करणे हे वैर नव्हे. निषेध करणारा दुसऱ्याच्या सुधारण्याने संतोष पावतो; वैर धरणारा त्यानेच कष्टी होतो. म्हणून दुसऱ्याचे चांगले ऐकून मन खट्टू झाले, तर आपल्या मुठीत काय आहे ते साधकाने उघडून पाहावे. राग आपोआप ओसरतो. वैर मात्र ज्याने धरले त्यालाच सोडावे लागते.