बाग राखायची की दाखवायची?

आमच्याकडे मुक्कामाला येणारी माणसं दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास बोलतात. कोणी पुण्याचं असतं, कोणी ठाण्याचं, कोणी कोल्हापूरचं. वाक्य मात्र तेच. "काय शांत आहे हो तुमच्याकडे!" बोलण्यात कौतुक असतं, थोडा हेवाही असतो. मी मान हलवतो. पण हा शब्द मला कित्येक वर्षं खटकत आलाय. तो का खटकतो, ते एकदा नीट मांडावं म्हणून हे लिहितोय.

आमच्या वाडीत 'शांत' हा कौतुकाचा शब्द नाही. एखाद्या घरातून सकाळी आवाज आला नाही तर शेजारी गडग्यावरून हाक मारतो, "काय झाला रे?" आमच्याकडचं सगळ्यात शांत घर म्हणजे बंद घर. माणसं मुंबईला. चतुर्थीला चार दिवस कुलूप निघतं, समया लागतात, परत कुलूप. कौलांवर शेवाळ, खळ्यात गुडघाभर गवत, बावीत पाला कुजलेला. तिथे पाखरं पुष्कळ, सावली पुष्कळ, आवाज काही नाही. पण तसल्या खळ्यात बसून चहा प्यावा असं कोणा पाहुण्याला वाटलेलं मी पाहिलं नाही.

म्हणजे पाहुण्याला आवडते ती शांतता वेगळी. खळं सारवलेलं असतं, पाटाचं पाणी पोफळीत पोचलेलं असतं, पडलेली झावळं ओढून एका बाजूला लावलेली असतात, गोठा झाडलेला असतो. काम करून झाल्यावर जे उरतं, ते त्याला आवडतं. यासाठी आमच्याकडे शब्द आहे 'निवांत'. निवांत माणूस असतो, जागा नसते. काम हातावेगळं झालं की माणूस निवांत होतो आणि पडवीत टेकतो. पाहुणा नेमका त्या वेळेला आम्हाला बघतो आणि समजतो, हे असंच बसून असतात.

आता यात वाईट काय, असं कोणी विचारील. माणूस चार दिवस विसाव्याला आला, पैसे मोजले, खूश होऊन गेला. त्याला कामाचा हिशेब कशाला सांगायचा? हाच माझा प्रश्न आहे. आपण पैसे घेतो ते नेमके कशाचे?

थोडी मागची गोष्ट सांगतो. आमचा जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा आम्हाला वाटायचं, पर्यटन म्हणजे मालवणचा किल्ला आणि तारकर्लीची रेती. कलमांच्या बागेत कोण झोपायला येतो? आमचं लक्ष कलमांवर होतं. १९९० साली रोजगार हमीतून फळबागेची योजना आली. त्या सुमाराला कातळावर खड्डे मारून, बाहेरून माती आणून आम्ही हापूसची कलमं लावली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जातीचे काजू लावले. माड आणि पोफळी वडिलांच्या हातच्या होत्याच. खोल्या फार उशिरा आल्या. जुना मांगर होता त्या जागी सुनेने चिऱ्याच्या दोन खोल्या बांधून घेतल्या. जेवण तिच्या हातचं: पेज, कुळथाची पिठी, सोलकढी, बाजारात मिळेल ते मासे. हिशेबाची वहीही तीच बघते.

पहिला वाद झाला तो पैसे घेण्यावरून. माझी आई तेव्हा होती. तिला पटेना. घरी आलेल्याला जेवण घालायचं आणि जाताना पैसे मागायचे, म्हणजे खाणावळ झाली की! अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. आमच्या पाहुण्यांची तारीख तर महिनाभर आधी वहीत लिहिलेली असते आणि निम्मे पैसे फोनवरून आलेले असतात.

मी पुष्कळ विचार केला. मला पैशाची अडचण वाटत नाही. आपला पाहुणचार फुकट कधीच नव्हता. मुंबईहून चाकरमानी यायचा तेव्हा पोरांना कपडे आणायचा, जाताना गोणीत तांदूळ, सोलं, कुळीथ, फणसाची साठं घेऊन जायचा. देणं-घेणं होतंच, फक्त त्याला दर नव्हता. दर लावला म्हणून माया आटत नाही. दुखणं आलेल्या पाहुण्याला रात्री गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं, त्याचे पैसे कोणी लावत नाही.

खरी अडचण डिसेंबरात येते. हापूसचा मोहोर थंडीबरोबर येतो. बोंगे फुटायला लागले की तुडतुडा बसतो, भुरी येते, आता फुलकिडेही वाढलेत. मोहोरापासून फळ काढायला येईपर्यंत साधारण चार महिने जातात आणि या काळात फवारण्या चुकवून चालत नाही. नेमकी त्याच दिवसांत शहरातल्या माणसांना नाताळाची सुट्टी लागते. खोल्या भरलेल्या, आणि बागेत सकाळी सातपासून पंपाचा आवाज, औषधाचा वास. मग सून म्हणते, "बाबा, पावणे इले हत. आज पंप लावू नको, दोन दिसांनी लावया." दोन दिवसांत ढग आले तर मोहोर काळा पडतो. तिचंही खोटं नसतं. तिने माणसांना शब्द दिलेला असतो.

आमच्यात ठरलं ते असं, की फवारणी ठरल्या दिवशीच होणार, आणि खोली घेणाऱ्याला फोनवर आधीच सांगायचं. या दिवसांत वास येईल, पोरांना बागेत सोडता येणार नाही, चालत असेल तर या. काही जण येत नाहीत. तेवढा तोटा वहीत दिसतो.

दोन वर्षांपूर्वी आंबा कमी लागला. हापूस वर्षाआड धरतो, हे नवं नाही. पण मुलगा वही घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "बाबा, कलमांनी दिल्यानी त्याच्या दुप्पट खोल्यांनी दिल्यानी. मगे फवारणी कित्याक करूची? झाडां सावलेक ऱ्हवांदेत."

हा प्रश्न साधा नाही. औषधं महाग, मजूर महाग, वानरं अर्धा माल खातात, पेटीचा भाव आपल्या हातात नाही. पाहुण्याला तरी काय, झाड दिसलं की पुरे. त्याला झाडाखाली झोपाळा हवा, फळ बाजारातूनही आणता येईल. मग बाग फळासाठी राखायची की बघण्यासाठी? मुलाला लगेच उत्तर दिलं नाही. आता देतो.

पहिली गोष्ट, बाग एकट्याची नसते. मी फवारणी सोडली तर माझ्या कलमांवर वाढलेली कीड शेजाऱ्याच्या मोहोरावर जाईल. त्याच्या घरात खोल्या नाहीत, त्याचं वर्ष आंब्यावरच आहे. मी गवत काढलं नाही तर मार्चमध्ये वणवा माझ्या गडग्याशी थांबणार नाही, त्याच्या काजूत शिरेल. बंद घरांच्या बागांनी हे दाखवून दिलंय.

दुसरी गोष्ट, पाहुणा नेहमी येईलच असं नाही. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. कोरोनामुळे खोल्या आधीच रिकाम्या होत्या. त्या दिवशी माड मोडले, कलमं मुळासकट आडवी झाली, घरांवरची कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. खोल्याही गेल्या, आंबाही गेला. त्या पावसाळ्यात आम्ही खाल्लं ते कणगीतलं भात आणि डब्यातला कुळीथ. ज्या वर्षी माणूस येत नाही त्या वर्षी जमीनच पोसते, पण तिला आधी कसलेलं असावं लागतं.

तिसरी गोष्ट खरेपणाची. आमच्या पाटीवर शेतघर लिहिलेलं आहे. शेती बंद करून झाडं नुसती उभी ठेवली तर ते लॉज झालं. लॉज चालवणं वाईट नाही. आमच्याच पंचक्रोशीत काहींनी नुसत्या खोल्या काढल्यात, पोरं शिकवली, कर्जं फेडली. त्यांना नावं ठेवणार नाही, पण त्यांनी पाटीवर तेच लिहावं. माणूस शेत म्हणून पैसे देतो आणि आपण त्याला शेताचं चित्र दाखवतो, हे मला पटत नाही.

हा विचार फक्त आमच्या वाडीचा नाही. एका पाहुण्याने इटलीचं सांगितलं. तिथे १९८५ साली शेतावरच्या पाहुणचारासाठी कायदा झाला आणि त्यात अट घातली, की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार त्याला जोड म्हणून. द्राक्षांची आणि ऑलिव्हची शेती करणाऱ्या लोकांनाही हीच भीती पडली असणार, की जोडधंदा मूळ धंद्याला खाईल. आपल्या राज्याचंही २०२०पासून कृषी पर्यटनाचं धोरण आहे. पण कायदा पाटी देतो; बाग राखायची की नाही ते घरातच ठरतं.

आता पाहुण्याची बाजूही सांगायला हवी. शहरातला माणूस शांतता शोधत येतो यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या पूर्वजांनाही विसाव्याची गरज कळली होती. आचऱ्याची गावपळण याची साक्ष आहे. दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव घरं सोडतो आणि वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस नसतो. माळावर झावळांच्या राहुट्या, रात्री भजनं, फुगड्या, गप्पा. चिंदर, वायंगणीतही ही रीत आहे. देवाची आज्ञा म्हणा, नाहीतर गावाला दिलेला मोकळा श्वास म्हणा. घर, भांडण, कोर्टाचे कागद, सगळं मागे ठेवून माणूस उघड्यावर झोपतो. पाहुणा आमच्याकडे येतो ती त्याची एकट्याची गावपळणच आहे.

पण गावपळणीत एक बघण्यासारखं असतं. आम्ही गुरं मागे ठेवत नाही. गाय, बैल, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी बरोबर. राहुटीतही पहाटे धार काढावी लागते, पाणी भरावं लागतं, चूल पेटवावी लागते. काम सुटत नाही. सुटतो तो कामाचा जाच, कारण सगळे एकत्र असतात आणि कोणी कोणावर उपकार करत नसतो. विसावा म्हणजे काम नसणं, असं आमच्या जुन्या माणसांनी कधी मानलं नाही.

आणि एक माणूस या सगळ्यात कोणाला दिसत नाही. दिवाळीनंतर नेपाळहून माणसं बागेत कामाला येतात, पाऊस लागायच्या आधी परत जातात. आमच्याकडेही एक जण येतो. बागेच्या टोकाला खोपीत राहतो. रात्री चोरांवर लक्ष ठेवतो, पहाटे वानरांवर फटाका लावतो. एकदा एका पाहुण्याने तक्रार केली, की पाच वाजता फटाक्याने झोप मोडली, आम्ही शांततेचे पैसे दिलेत. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. वर्षभर गोंगाटात राहणारा माणूस. मी त्याला खोपीपर्यंत घेऊन गेलो. राखण करणाऱ्याने काळा चहा दिला. दोघांची पोरं एकाच वयाची निघाली. एकाने आपली दर शनिवार-रविवार बघितलेली, दुसऱ्याने सहा महिने बघितलेली नाहीत. पाहुणा येताना काही बोलला नाही.

आमच्याकडे प्रत्येक बागेला राखणदार असतो असं मानतात. वर्षातून एकदा त्याला राखण देतो, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. कोणी ते मानावं, कोणी मानू नये. मला त्यातला अर्थ एवढाच कळतो, की आपण झोपतो तेव्हा दुसरं कोणीतरी जागं असतं आणि त्याची आठवण ठेवणं आपल्यावर लागू आहे. हे देवाला लागू असेल तर खोपीतल्या माणसाला का नाही? त्या दिवसापासून नियम केलाय. पाहुणा आला की खोली दाखवायच्या आधी बागेत कोण काय काम करतो ते दाखवायचं, नावाने ओळख करून द्यायची.

तेव्हा पैसे कशाचे, याचं माझं उत्तर असं. खोलीचे, जेवणाचे, सुनेच्या कष्टाचे. शांततेचे नाहीत, कारण ती माझ्या मालकीची नाही. ती बागेत काम करणाऱ्या सगळ्यांच्या हातून तयार होते आणि काम थांबलं की दोन पावसाळ्यांत तिचं बंद घर होतं.

माझ्यानंतर मुलगा काय ठरवील ते त्याचं त्याने ठरवावं. तो बागेत राहतोय, मुंबईला गेला नाही, हेच मोठं आहे, आणि तो खोल्यांमुळेच राहू शकला हेही मला मान्य आहे. यंदा त्याने फवारणीच्या तारखा सुनेच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिल्यात. खोल्यांच्या तारखा त्यानंतर.