दुसऱ्याने करायचा त्याग

अमेरिकेत मार्च महिन्यात ज्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तोही ऑफिसात बसून तक्ते भरत असतो. ६८ कॉलेजांपैकी कोण कुणाला हरवणार याचे अंदाज. एक सामना हरलात की सरळ घरी, अशी ही तीन आठवड्यांची स्पर्धा. तिला म्हणतात ‘मार्च मॅडनेस’, आणि ती भरवते ‘एनसीएए’ ही कॉलेजांची संघटना.

या संघटनेच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मध्ये, साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत. ती तीसेक गटांत विभागलेली असतात. गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश, उरलेल्या जागा एक समिती भरते. त्यामुळे नावही न ऐकलेल्या कॉलेजालाही दार उघडं असतं. २०१८ मध्ये बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी या सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर असं कधीच घडलं नव्हतं. खेळाची रचना म्हणून हे सुंदर आहे, त्यात मला शंका नाही.

शंका पुढे सुरू होते. २०१६ मध्ये या स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा करार आठ वर्षांनी वाढवला, ८८० कोटी डॉलरला. म्हणजे वर्षाला ११० कोटी. यातला एक हिस्सा ‘युनिट’ या हिशोबाने वाटला जातो. अंतिम सामना सोडून संघ स्पर्धेत जितके सामने खेळेल तितकी युनिटं त्याच्या कॉन्फरन्सला, आणि प्रत्येक युनिटचे पैसे पुढची सहा वर्षं येत राहतात. विसाव्या वर्षी शेवटच्या सेकंदाला बास्केट करून संघाला पुढच्या फेरीत नेणारा मुलगा सव्विसाव्या वर्षी कुठेतरी नोकरी करत असेल, त्याच्या बास्केटचा हप्ता तेव्हाही येत असतो. त्याला नव्हे. त्याला फी, राहणं, जेवण, पुस्तकं आणि फार तर थोडा वरखर्च मिळायचा. त्याच्या कोचला कोट्यवधी.

२०१४ मध्ये कनेक्टिकटला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत जेवणाचे नियम सैल झाले.

हे इतकी वर्षं चाललं एका शब्दाच्या जोरावर: ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’. शब्द गोड आहे, पण जन्म गोड नाही. १९५० च्या दशकात कोलोराडोतला एक कॉलेज फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू कामगार ठरू नये, या भीतीतूनच तेव्हा हा शब्द रुजवला गेला. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, पुस्तक लिहून हे स्वतःच सांगितलं आणि आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेवर टीका केली.

माझा प्रश्न पैशांपेक्षा त्या पावित्र्याबद्दल आहे. फळाची आशा न धरता कर्म करणं ही मोठी गोष्ट, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. पण तो निश्चय ज्याचा त्याने करायचा असतो. ‘तू फळाची आशा धरू नकोस, फळ आमच्या गोदामात ठेव’ असं कुणी सांगू लागला तर त्याला आपण संत म्हणत नाही. कलाकाराला ‘तुला स्टेज मिळतंय ना’ म्हणून फुकट राबवणारे आणि ‘अनुभव मिळेल’ म्हणून बिनपगारी इंटर्नशिप देणारे याच भाषेत बोलतात.

एड ओबॅनन हा १९९५ च्या विजेत्या यूसीएलएचा खेळाडू. अनेक वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये त्याला आपल्यासारखाच एक खेळाडू दिसला: तसंच टक्कल, तसाच डावखुरा, तोच ३१ नंबर. फक्त नाव नव्हतं. त्याने खटला भरला. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९-० अशा एकमताने संघटनेच्या विरोधात निकाल दिला, आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिराती करायची मुभा मिळाली. २०२५ पासून कॉलेजं थेट खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात, वर्षाला एका कॉलेजातून सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत.

आता तक्रार अशी की मुलं दरवर्षी कॉलेज बदलतात, निष्ठा उरली नाही. तक्रार खोटी नाही. पण २०२४ मध्ये मुख्यतः टीव्हीच्या पैशांपायी पश्चिम किनाऱ्यावरची एक जुनी कॉन्फरन्स फुटली आणि कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये गेलं. अटलांटिक महासागर तिथून देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. निष्ठेची अपेक्षा फक्त एकोणीस वर्षांच्या पोरांकडूनच का?

‘पैसा आला की मोठी कॉलेजं लहानांना गिळतील’ या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. वाटणीतही गोंधळ आहेच. नव्या पैशांतला मोठा हिस्सा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातोय. २०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना टीव्हीवर पुरुषांच्या सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, तरीही.

आणखी एक बारीक कलम आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. नवी तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना बास्केटबॉल संघात आता पंधराच खेळाडू ठेवता येतात. या संघांत स्कॉलरशिप नसलेली मुलंही असायची, त्यांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. ती रोज सरावाला येणार, स्टार खेळाडूंचे धक्के खाणार, आणि सामन्यात बहुतेक वेळ बाकावर बसून टॉवेल हलवणार. आधीपासून संघात असलेल्यांसाठी सवलत ठेवली आहे. नव्याने येणाऱ्यांसाठी जागा कमी झाल्या.

इतकी वर्षं ज्या निर्लोभ खेळाडूचं नाव घेऊन सगळा कारभार चालला, तो खरोखर कुठे असेल तर त्या बाकावर होता.