आशाळभूत

नायगावच्या बसस्टँडजवळ दिवाळीनंतर एक फलक लागला होता. तीन संध्याकाळची प्रार्थनासभा, प्रवेश मोफत, आणि खाली ठसठशीत अक्षरांत आश्वासन: या, तुमचं दुःख इथंच संपेल. मी दुसऱ्या संध्याकाळी गेलो. जन्मानं ख्रिस्ती आहे, सभा मला नव्या नाहीत. पण त्या दिवशी माईकवरच्या माणसानं समोरच्या बायकांकडं बोट दाखवून विचारलं, “तुमच्या चेहऱ्यावर आनंद का दिसत नाही? आनंद नाही म्हणजे विश्वासात खोट आहे.” माझ्या पुढच्या सतरंजीवर आमच्याच मंडळीतली एक बाई बसली होती. तिचं सोयाबीन शेतातच सडलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हसायचा प्रयत्न केला. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या माणसाच्या मनात कपट होतं असं मी म्हणत नाही. नांदेडचा मोठा दवाखाना इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि मोठ्यानं रडायला जागा मिळणं ही गरिबाला लहान गोष्ट नसते. माझं भांडण त्याच्या एका गृहीताशी आहे: आनंद हा विश्वासाचा पुरावा. हे गृहीत आलं कुठून?

फलकावर आशा होती आणि माईकवर आनंद, म्हणून आधी ‘आशा’ या शब्दाकडं बघू. विश्वास, आशा, प्रीती हे त्रिकूट आमच्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ असतं. पण मराठीत आशेची पत कधी फारशी नव्हती. संस्कृत सुभाषितकारानं तिला अशी बेडी म्हटलं की जिनं बांधलेला माणूस धावत सुटतो आणि सुटलेला पांगळ्यासारखा बसून राहतो. गीतेत तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या अध्यायात ‘निराशी’ हा शब्द येतो तो साधकाचा गुण म्हणून. आज आपण ज्याला निराश म्हणून समुपदेशकाकडं धाडतो, त्याच्याच नावाचा माणूस तिथं योगी आहे. आणि आपल्या बोलीत? आशा वेडी असते, आशेला माणूस भुलतो, आणि जो आशा धरून बसतो तो आशाळभूत. कुत्रं भाकरीकडं बघतं तसा.

अशा शब्दाला पवित्र शास्त्रात सद्गुणांच्या रांगेत बसवणं हे धाडस होतं. त्या मानानं आनंदाचं सोपं होतं. उपनिषदांपासून वारीपर्यंत त्याचं स्वागतच होत आलेलं. फादर स्टीफन्सनं गोव्यात ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं (ते छापलं गेलं 1616 मध्ये) तेव्हा मराठीत ख्रिस्ताचा आनंद गायला त्याला परकी भाषा शोधावी लागली नाही. 1811 मध्ये सेरामपूरहून कॅरीचा मराठी नवा करार आला, 1813 पासून मुंबईत अमेरिकन मराठी मिशन, 1842 मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’. आमच्या मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात, नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. हे सगळं सर्वांना माहीत आहे, वादही नाही.

वाद आहे तो पुढं. मिशनच्या काळात एक शब्द फार वजनदार झाला: साक्ष. अजूनही रविवारी पाळकबुवा विचारतात, कुणाला साक्ष द्यायचीय का? शब्द कोर्टातला आहे हे आपण विसरतो. साक्षीचा साचा ठरलेला असे: आधी अंधार होता, मग प्रकाश आला, आधी मी दुःखी होतो, आता आनंदी आहे. हा साचा सोयीचा होता. दूर देशी वर्गणी देणाऱ्याला सांगता येई, रविवारी उभं राहून बोलता येई. पण त्यातून आनंदाला एक नवं काम लागलं. तो दाखल्यासारखा दाखवायची वस्तू झाला. 1876–78, 1896–97, 1899–1900 असे दुष्काळावर दुष्काळ पडत होते, आणि विरोधक म्हणत होते की ख्रिस्ती झालेली माणसं धान्यासाठी बाटली. बसस्टँडजवळचा उपदेशक आणि हे विरोधक एकमेकांचे शत्रू. तरी दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: ख्रिस्ती माणसाच्या आनंदामागं काहीतरी मिळालेलं असलंच पाहिजे. एकाला तो आशीर्वाद वाटतो, दुसऱ्याला आमिष.

या साच्यातून मराठी ख्रिस्ती माणूस सुटला कसा, हे सांगताना सगळे रेव्हरंड टिळकांचं नाव घेतात. अभंग, कीर्तन, टाळमृदंग. टिळकांनी ख्रिस्ताला मराठी अंगरखा चढवला, असं सांगितलं जातं. ‘उपासना संगीत’ उघडलं की टिळक भेटतातच, त्यांचं ऋण कोण नाकारील? पण खरा बदल अंगरख्यात नव्हता, आणि माझ्या मते तो टिळकांनी केलेलाही नव्हता. तो त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी केला.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण कशी वाचतो? शाळेत उतारा म्हणून. निर्मळ विनोद, साधी भाषा, फारसं न शिकलेल्या बाईची उपजत शैली. अलीकडं स्त्रीच्या आत्मकथनाचा महत्त्वाचा नमुना म्हणून. दोन्ही खरंच आहे. पण 1934 पासून हे पुस्तक आपल्या हातात आहे आणि आनंदाविषयीचा मराठीतला सर्वांत धीट ख्रिस्ती विचार त्यात आहे, हे आमच्या मंडळ्यांतही कुणी म्हणत नाही. विनोद आला की आपण विचार शोधायचं थांबतो.

घटना आठवा. टिळकांच्या हाती रेल्वेच्या डब्यात नवा करार आला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहान दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, गोतात तोंड दाखवायची चोरी. काही वर्षं ती वेगळी राहिली, त्याच दुःखात कविता करू लागली, आणि 1900 मध्ये तिनंही बाप्तिस्मा घेतला. साक्षीच्या साच्यात ही कथा घातली तर इथं सूर्य उगवायला हवा. पुस्तकात तसं होत नाही. बाप्तिस्म्याआधी घरात पैसा टिकत नव्हता, नंतरही टिकत नाही. टिळक आधी हातचं वाटून टाकत, नंतरही वाटतात. त्यांचा राग तोच, तिचं फटकळ उत्तर तेच. आणि महत्त्वाचं म्हणजे आधीचा काळ ती काळ्या रंगानं रंगवत नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाला ती हसते, पण त्यात वैर नाही. ख्रिस्ती झाल्यावरच्या स्वतःच्या फजितीलाही ती त्याच आवाजात हसते. हसण्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ नाही.

म्हणजे तिचा आनंद कशाचाच पुरावा नव्हता. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं, म्हणून तो दुःखाशेजारी बसू शकला. तिनं दुःख लपवलेलं नाही, नवऱ्याचे दोष लपवले नाहीत, देवाचीही भीड धरलेली नाही. मिशनच्या अहवालात हे बसलं नसतं. पण गोदाकाठच्या गंगाखेडच्या जनाबाईला हे लगेच कळलं असतं. दळता दळता विठोबाला शिव्या घालणारी, आणि तरी त्याच्यावाचून जातं न ओढणारी बाई ती. 1630च्या दुष्काळात घर उजाड झालेल्या तुकोबांचं पांडुरंगाशी भांडण आठवा. मराठी भक्तीत तक्रार हा अविश्वास मानला जात नव्हता. ती जवळीक होती. टिळकांनी वारकऱ्यांकडून छंद घेतला असेल, लक्ष्मीबाईनं हा हक्क घेतला. (मी तिला एकेरीत म्हणतोय, आमच्या घरात ती आजीसारखीच होती.)

तो हक्क शास्त्राबाहेरचा आहे असंही नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र आनंदानं ओसंडतं, पण ते लिहिताना पौल कैदेत होता. रोमकरांस लिहिताना तो आशेची वंशावळ देतो, आणि तिचा मूळपुरुष संकट आहे. त्या फलकानं ही वंशावळ उलटी केली: आशा आधी, मग संकटाचा शेवट, तोही तीन संध्याकाळींत. केडगावच्या पंडिता रमाबाईंचं बघा. मुक्तिसदनात 1905 मध्ये मोठं संजीवन झालं, मुली रात्र रात्र रडत प्रार्थना करत, ते जगभर गाजलं. त्यानंतरची कथा कमी सांगितली जाते: 1921 मध्ये मनोरमा, एकुलती मुलगी, आईच्या आधी गेली. बाई मूळ भाषांवरून करत असलेल्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, आणि 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांतल्या आशेला तुम्ही कोणत्या फलकावर लावाल?

मला आता ‘आशाळभूत’ हा शब्द शिवीसारखा वाटत नाही. भाकरीकडं बघणाऱ्या कुत्र्याला लाज नसते, आणि भाकर मिळेलच असा दावाही नसतो. ते बघत राहतं. दावा माणसं करतात, माईक हातात आला की.

सभेनंतरच्या रविवारी आमच्या छोट्या उपासनेत, जिथं जेमतेम पंचवीस माणसं असतात, पाळकबुवांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाची साक्ष? ती सोयाबीनवाली बाई उठली. मला वाटलं आता ती सभेत काय मिळालं ते सांगेल. ती पंचनाम्यावर बोलली. तलाठी आला नाही, आला तर फोटो काढून गेला, पैसे कुणाला आले, कुणाला नाही, आणि देवाला म्हनलं, तूबी त्यायच्यासारखाच हैस का काय. पाळकबुवा जरा अस्वस्थ झाले. मागून कुणीतरी हसलं, मग तीही हसली. या खेपेला तोंड पुसलं नाही. मग खाली बसत म्हणाली, “झालं माझं. गाणं घ्या आता. कोणत्या नंबरचं?”