खुनात गड्याला मज्जाव

रहस्यकथा वाचणारा माणूस स्वभावाने अतिशय गरीब असतो, असे माझे बऱ्याच वर्षांचे निरीक्षण आहे. रस्ता ओलांडताना तो दोनदा उजवीकडे बघतो, रिक्षावाला "सुटे नाहीत" म्हणाला की "असू द्या" म्हणतो, आणि घरात पाल निघाली तर बायकोला हाक मारतो. मात्र रात्री साडेदहाला उशीला टेकून बसला, की पहिल्या दहा पानांत निदान एक मुडदा पडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अकराव्या पानापर्यंत सगळी पात्रे धडधाकट राहिली, तर तो पुस्तकाची किंमत उलटून पाहतो आणि फसवणूक झाल्यासारखा सुस्कारा सोडतो.

याउलट मनःशांतीची पुस्तके वाचणारी मंडळी बघा. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या मुद्द्यावर सगळ्यांत आधी बाह्या सरसावतात ती हीच.

आमच्या भागात एक वाचनालय अजून तग धरून आहे. तिथे कपाटासमोर उभे राहून पुस्तक निवडणे हा माझ्या मते शुद्ध गुंतवणुकीचा प्रश्न आहे. अनोळखी लेखकाचे पुस्तक म्हणजे शेअर. चढला तर चढला, नाहीतर चार रात्री बुडाल्या. मालिका म्हणजे मुदत ठेव. व्याज किती मिळणार ते आधीच ठाऊक असते, थोडे कमीच असते, पण झोप लागते. (इथे मात्र झोप लागत नाही, हाच त्या ठेवीचा फायदा.) लोक म्हणतात, "अहो, तोच नायक, तीच पद्धत, कंटाळा कसा येत नाही?" तोच नायक आणि तीच पद्धत असूनही यांची लग्ने वीस-वीस वर्षे टिकलेली असतात, पण तो मुद्दा मी सहसा काढत नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीला निवडीचा त्रासच नव्हता. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, या एका गृहस्थांनी हजारावर रहस्यकथा लिहून ठेवल्या. वाचक वाचनालयाच्या खिडकीशी येई आणि लेखकाचे नावही न घेता "झुंजार आला का?" एवढेच विचारी. झुंजार नसेल तर काळापहाड, तोही नसेल तर धनंजय. वाणसामानासारखे. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. मी कॉमर्सला असताना आमच्या वर्गात सुहास शिरवळकरांचा वकील अमर विश्वास इतका लोकप्रिय होता, की निम्मी मुले हिशेबशास्त्र सोडून कायद्याकडे जातात की काय, अशी प्राध्यापकांना भीती वाटे. गेले कोणीच नाही. आम्ही सगळे बँकांच्या परीक्षा दिल्या.

मालिकेचे खरे सुख असे, की नायक मरत नाही. कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मोकळे व्हायचा प्रयत्न केला, तर वाचकांनी त्याला सुखाने जगू दिले नाही. शेवटी १९०३ साली होम्सला परत जिवंत करावे लागले. हे १९०३ साल लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. (रहस्यकथेत असे वाक्य मध्येच टाकायची पद्धत असते.)

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या शेजारच्या काउंटरवरचे एक सहकारी सात्त्विक आहेत. डब्यात कांदासुद्धा आणत नाहीत. ते मला एकदा म्हणाले, "तुम्ही रोज झोपताना एका खुनाची मजा घेता. मेलेल्या माणसाबद्दल तुम्हाला काहीच वाटत नाही?" प्रश्न अवघड होता. खरे सांगायचे तर नाही वाटत. पण त्याची सोय लेखकानेच केलेली असते. रहस्यकथेत मरणारा माणूस बहुधा एखादा श्रीमंत, तापट, निपुत्रिक काका असतो आणि उद्या सकाळी मृत्युपत्र बदलायला वकिलाला बोलावल्याचे तो आज रात्री जेवणाच्या टेबलावर सर्वांदेखत जाहीर करतो. अशा माणसाबद्दल कळवळा यावा तरी कसा? बँकेतल्या माणसाला तर फक्त एवढेच वाटते, की यांनी वेळेवर नॉमिनेशन केले असते तर पुढची दोनशे पाने वाचली असती.

पण सहकाऱ्यांचा प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्यातून दुसराच प्रश्न निघाला. मेलेल्याबद्दल काही वाटत नाही ते ठीक. पण जिवंत आहेत, ज्यांच्यावर संशय घ्यायचा आहे, त्यांच्याबद्दल हे वाचन आपल्याला काय शिकवते?

या बाबतीत एक मजेदार कागद उपलब्ध आहे. एस. एस. व्हॅन डाइन नावाने रहस्यकथा लिहिणारा एक अमेरिकन कलासमीक्षक होता. त्याने १९२८ साली रहस्यकथा लेखकांसाठी वीस कलमांची नियमावली काढली. आमच्या हेड ऑफिसची सर्क्युलरे असतात त्याच सुरात. त्यातले अकरावे कलम असे, की गुन्हेगार म्हणून गडी, आचारी, खानसामा असा नोकरमाणूस कधीही दाखवू नये. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने दहा आज्ञा लिहिल्या. त्यात चिनी पात्र आणायचेच नाही, असे एक कलम होते. हे वाचून प्रथम कपाळाला आठी पडते. पण कारण असे, की त्या काळच्या स्वस्त गोष्टींत खलनायक हवा झाला की एक चिनी माणूस पडद्यामागून काढायची खोडच लागली होती.

म्हणजे बघा. ज्या घरात चांदीचा चमचा हरवला तरी पहिल्यांदा गड्याची ट्रंक उपसली जाई, त्याच घरातल्या पुस्तकात मालकाचा खून झाला तरी गड्याला हात लावायची बंदी! उभ्या समाजात त्या माणसाला संशयाचा फायदा मिळण्याची ही एकच जागा. मला हे वाचून फार आनंद झाला. रहस्यकथा हे नीतिशिक्षणाचे साधन आहे, असे मी त्या सहकाऱ्यांना दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ठणकावून सांगणार होतो.

तेवढ्यात त्या कलमाचे कारण वाचले. कारण असे, की नोकराने गुन्हा करणे फार सोपे उत्तर आहे, आणि गुन्हेगार हा वाचकाने इतकी पाने खर्ची घालावीत अशा योग्यतेचा इसम असला पाहिजे. थोडक्यात, गडी निर्दोष आहे म्हणून सुटत नाही. तो खुनाच्याही लायकीचा नाही म्हणून सुटतो!

हिशेबशास्त्रात असा एक प्रकार आम्ही शिकलो होतो. दोन चुका अशा होतात, की एक दुसरीला खाऊन टाकते. तेरीज पै न पै जुळते, सगळे घरी जातात, आणि खाती मात्र दोन्ही चुकलेलीच असतात. तुच्छतेच्या पोटी का होईना, पण गरिबावरचा आळ टळला, तर त्याला न्याय म्हणायचे की नुसती जुळलेली तेरीज? तत्त्वज्ञांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिले असतील. मला तो प्रश्न आमच्या बिल्डिंगीत भेटला.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून सोन्याची चेन गेली. अर्ध्या तासात सगळ्या जिन्यात ठरले, की भांडीवाल्या बाईंनी घेतली. पुरावा? पुरावा हा, की त्या भांडीवाल्या होत्या. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सभाच भरली. आमच्या शेजारच्या काकू कानामागे पेन्सिल खोचून फिरणाऱ्या रहस्यकथांच्या वाचक आहेत. त्यांनी सरळ विचारले, "चेन शेवटची कुणी पाहिली? कधी?" उत्तर आले, बहुतेक मंगळवारी. "मंगळवार ते शुक्रवार घरात कोण कोण आले?" यादी निघाली. गॅसवाला, दोन पाहुणे, फ्रिज दुरुस्तीवाला, धाकट्याचे मित्र, आणि घरची माणसे. "मग बाराजणांतून एकच नाव कसे काढलेत?" मीही म्हटले, की काकूंचा मुद्दा बरोबर आहे, आधी सगळ्यांना विचारा. यावर सेक्रेटरी हसले. "तुम्ही दोघं ती पुस्तकं वाचणं बंद करा आधी. हे साधं प्रकरण आहे हो."

साधे प्रकरण! रहस्यकथेत हे दोन शब्द नेहमी जाड मिशांच्या इन्स्पेक्टरच्या तोंडी असतात, आणि ते उच्चारले की वाचक ओळखतो, हा गडी चुकणार. पण ती रहस्यकथा नव्हती. पोलिसांत कोणी गेले नाही, चेन मिळाली नाही, आणि बाईंना दुसऱ्या दिवसापासून गेटवरूनच परत पाठवले. त्यांचे अकरा दिवसांचे पैसे राहिले होते. ते काकूंनी सगळ्या घरांतून जमवून नेऊन दिले. आमच्या समोरच्या दोन बिल्डिंगीतली कामेही बाईंच्या हातून गेली, कारण बातमी त्यांच्याआधी रस्ता ओलांडून पोचली होती. पुस्तकात इथे शेवटचे प्रकरण येते. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतात, पडदे ओढतात. आमच्या इथे पावसाळ्याआधीच्या गच्चीच्या डांबरकामाचा विषय निघाला.

इथे १९०३ साल काढतो. होम्स पुन्हा जिवंत झाला त्याच वर्षी इंग्लंडात जॉर्ज एडलजी नावाच्या सत्तावीस वर्षांच्या वकिलाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. आडनावावरून कळलेच असेल. याचे वडील शापुरजी मूळचे मुंबईचे पारशी. ते ख्रिस्ती होऊन स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वायर्ली या गावात चर्चचे पाद्री झाले होते. गावात रात्री-अपरात्री कोणीतरी गुराघोड्यांची पोटे फाडत होते, निनावी पत्रे येत होती. गावाला कोडे पडले नाही. सगळ्या गोऱ्या घरांत एक काळे घर होते! साधे प्रकरण.

तीन वर्षे तुरुंगात काढल्यावर एडलजी सुटला, पण कलंक होता तसाच. त्याने सगळी कागदपत्रे डॉइलकडे पाठवली. दोघांची भेट एका हॉटेलात ठरली. डॉइलला पोचायला थोडा उशीर झाला. पाहतो तो हा पोरगा वर्तमानपत्र डोळ्यांना जवळजवळ चिकटवून आणि तिरके धरून वाचतो आहे. डॉइलने डोळ्यांच्या वैद्यकाचा अभ्यास केलेला होता. ज्याला उजेडात समोरचा माणूस धड दिसत नाही, तो काळोख्या रात्री शेते तुडवत, रेल्वेचे रूळ ओलांडत जाऊन पोलिसांचा पहारा चुकवून घोड्यावर वार करील? डॉइलने १९०७च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'मध्ये लेख लिहून सरकारला भंडावून सोडले. मे महिन्यात एडलजीला माफी मिळाली. नुकसानभरपाई मात्र एक पै नाही. ती निनावी पत्रे त्यानेच लिहिली असणार, असे सरकारने धरले होते. संशय काढायचा, पण थोडा ठेवून. आमच्याकडे याला मिनिमम बॅलन्स म्हणतात. त्याच साली इंग्लंडात फौजदारी अपिलाचे कोर्ट स्थापन झाले, त्याला या प्रकरणाचाही हातभार होता.

पेरी मेसनचा जनक अर्ल स्टॅन्ले गार्डनर हाही त्याच जातीचा. स्वतः वकील. कितीतरी पुस्तकांत अशिलांना सोडवून झाल्यावर त्याने १९४८ साली 'आर्गसी' मासिकात खरोखरीच्या कैद्यांची प्रकरणे तपासायला घेतली.

हे सगळे मी सात्त्विक सहकाऱ्यांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "ते दोघे लेखक होते. वाचकांनी काय केलं?"

याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, ते म्हणजे काकू. बारा नावांची यादी काढून लोकांसमोर उभे राहणारी ती एकच बाई होती, आणि ती गीतापाठ करणाऱ्यांतली नव्हती, पेन्सिलवाली होती. तिला कोणी ऐकले नाही ही गोष्ट खरी. पण उपयोग झाला नाही एवढ्यावरून प्रश्न चुकीचा ठरत नाही.

मात्र आमच्या जातीलाही एक व्यंग आहे, तेही सांगायला हवे. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय त्याला आम्ही सोडतो खरे, पण मग ज्याच्यावर कोणाचाच संशय नाही त्याच्या मागे लागतो. त्यालाही पुरावा लागतो, हे आम्ही सोयीने विसरतो. व्हॅन डाइनच्या नियमाने पाहिले, तर गुन्हेगार गोष्टीत ठळकपणे वावरणारा, प्रतिष्ठित, आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात सर्वांत पुढे असलेला इसम असायला हवा. आमच्या सोसायटीत या वर्णनात बसणारा एकच माणूस आहे. त्यांनी चेन घेतली असे म्हणायला माझ्याकडे तिळमात्र आधार नाही. त्या आठवड्यात ते दुसऱ्या मजल्यावर गेलेसुद्धा नव्हते, हे काकूंनी तपासून पाहिले आहे. पण हल्ली लिफ्टमध्ये ते भेटले की "काय सेक्रेटरीसाहेब, पाणी आलं का?" असे विचारता विचारता मी त्यांच्या खिशांकडे बघतो. काकू तर आमच्यासोबत असल्या की आधी त्यांना उतरू देतात.