वॉल्व्ह घासताना

आधी हात धुऊन घ्या. काम काळं आहे, थोड्याच वेळात कोपरापर्यंत माखाल, तरी धुवा. डोळ्यांना जे दिसणार नाही ते आज बोटांनी शोधायचंय.

पुढ्यात दोन लाकडी ठोकळ्यांवर इंजिनाचं हेड आहे, गॅस्केटची बाजू वर. गाडी फोक्सवागन गोल्फ, डिझेल, १५८८ सीसी, १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. युरोपात हौशी मंडळी अशा गाड्या घराशेजारच्या गॅरेजात स्वतः उघडतात. आपल्याकडे हे काम मिस्त्रीकडे जातं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेड उतरवलंत तर मिस्त्रीच्या आधी सेक्रेटरी येतील, फरशीवरचा तेलाचा डाग बघायला. पण आज तिकडे लक्ष नको. कॅमशाफ्ट काढून झालाय, टॅपेट आणि स्प्रिंगा निघाल्यात, आठही वॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचून ठेवलेत. या पुठ्ठ्याची अदलाबदल होऊ द्यायची नाही. ज्या सीटवर जो वॉल्व्ह बसत आला, त्यानं तिथेच परत बसायचं.

आता काही करू नका. बघा.

अॅल्युमिनियमच्या सपाट पृष्ठभागावर चार सिलिंडरांचे चार गोल ठसे उमटलेत. प्रत्येकात दोन सीटा शेजारी शेजारी, आणि बाजूला चीर असलेली पोलादी चकती. त्या चकतीमागे छोटी पोकळी आहे. पिस्टन वर येतो तशी हवा या चिरेतून आत घुसते, गरगरते, आणि तिथेच डिझेलचा फवारा पेटतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो. इथे ठिणगी नाहीच. ग्लो प्लग असतो, पण तो थंड इंजिन उठवण्यापुरता. एरवी आग लागते ती हवा दाबून मूळ जागेच्या जवळपास तेविसाव्या हिश्श्यात कोंबल्यामुळे. एवढी दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात सोडलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. या इंजिनाचा कॉम्प्रेशनचा दाब नवेपणी ३४ बार असतो. २८ च्या खाली गेला की इंजिन झिजलं म्हणायचं.

इथे थोडं थांबा. दाब टिकला तर आग, निसटला तर नुसता पांढरा धूर आणि स्टार्टरची केविलवाणी घरघर. तो निसटायच्या वाटा मोजक्याच. पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट, आणि या सीटा. पहिल्या दोघांचं नंतर बघू.

दोन सीटांच्या मधल्या अरुंद पट्टीवर नख फिरवा. काजळी पुसली तर तिथे केसासारखी भेग दिसेल. दचकू नका. या हेडच्या बाबतीत अर्ध्या मिलिमीटरपर्यंत रुंद भेग कंपनीला चालते. आता पोलादी पट्टी लांबीत आणि दोन्ही कर्णांवर आडवी धरून खालून फिलर गेज सरकवून बघा. बाक ०.१ मिलिमीटरपर्यंतच चालतो. त्याहून जास्त असेल तर हेड बदलायचं. फेसिंग करून घ्यायची मुभाच नाही. भेग चालते आणि बाक चालत नाही, हे मला आधी उफराटं वाटायचं. आता वाटत नाही. सीटांमधल्या पट्टीवरची बारीक भेग दाबाला वाट देत नाही. बाक असला की गॅस्केट धरत नाही.

आता पुठ्ठ्यातला पहिला वॉल्व्ह घ्या. दांडीला तेलाचं बोट लावा. कडेच्या तिरप्या पट्टीवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट, चार-पाच ठिपके, बस. दांडीला पेस्टचा कणही नको, नाहीतर गाईड खाऊन टाकेल. वॉल्व्ह जागेवर सोडा. लाकडी दांड्याची रबरी वाटी त्याच्या सपाट तोंडावर दाबून चिकटवा. दांडा दोन्ही तळव्यांत धरा, ताकाची रवी धरतात तसा, आणि फिरवा. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे.

जोर लावू नका. दांड्याचं वजन आणि तळव्यांचं वजन, एवढं पुरे.

कान द्या. सुरुवातीला खरखर येईल, ओबडधोबड, एका बाजूला जास्त. ती बाजू कुठली ते ओळखायच्या मागे लागू नका. आठ-दहा हेलकावे झाले की वॉल्व्ह उचला, पाव फेरा पुढे नेऊन परत टेकवा. असं उचललं नाही तर पेस्ट एकाच वाटेनं फिरत राहते आणि गोल चरे पाडते. पुन्हा हेलकावे. पुन्हा उचला. श्वास रोखला गेला असेल, सोडा. बहुतेकांचा रोखला जातो.

हळूहळू आवाज बदलेल. खरखर जाऊन सरसर येईल, मग तीही बोथट होईल. पेस्टचे कण झिजलेत. चिंधीनं दोन्हीकडचं पुसा आणि उजेडाकडे धरून बघा. वॉल्व्हवर आणि सीटवर करड्या, मंद रंगाचं कडं दिसायला हवं, कुठेही न तुटलेलं. एखाद्या जागी काळा ठिपका राहिला असेल तर तिथे अजून भेट झालेली नाही. थोडी पेस्ट, पुन्हा.

करडं कडं सलग दिसलं की बरेच जण आणखी घासतात. चकाकी यावी म्हणून. चकाकीचा इथे काही उपयोग नाही. घासत गेलं की सीट रुंद होते, वॉल्व्ह खोल बसतो, आणि वाढलेल्या जागेत हवा तेवढी दबत नाही. फार अरुंद सीटही बरी नाही, विशेषतः एक्झॉस्टची: तो वॉल्व्ह जळक्या वायूत उभा असतो आणि सीटवर टेकलेला असतो तेवढ्या वेळात आपली बरीचशी उष्णता तिला देऊन टाकतो. कडं साधारण दोन मिलिमीटरचं असलं की मला समाधान वाटतं. खड्डे खोल असतील किंवा दांडी वाकली असेल तर पेस्टनं काही व्हायचं नाही. ते मशीन शॉपचं काम, आणि तिथे पाठवण्यात कमीपणा नाही.

तपासायला मऊ पेन्सिल घ्या. वॉल्व्हच्या स्वच्छ पुसलेल्या तिरप्या पट्टीवर आडव्या रेघा मारा, वॉल्व्ह टेकवून पाव फेरा फिरवा, उचला. प्रत्येक रेघ पुसली गेली पाहिजे. नऊ गेल्या आणि दहावी राहिली, तर दाब त्या दहावीतून जाणार.

असे आठ. उरलेल्या सातांविषयी सांगण्यासारखं काही नाही, घासत राहा.

मग धुणं, आणि इथे आळस नको. उरलेली पेस्ट म्हणजे आत ठेवलेली कानस. डिझेलनं धुवा, पुसा, पुन्हा धुवा, पांढरी चिंधी पांढरी निघेपर्यंत. नवी सीलं, स्प्रिंगा, मग वॉल्व्हच्या लॉकच्या सोळा चिमुकल्या पाकळ्या, ग्रीसच्या बोटावर उचलून.

गॅस्केट निवडताना पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते डायल गेजनं मोजा. गॅस्केटच्या कडेला एक, दोन किंवा तीन खाचा असतात, त्या या मापाप्रमाणे. बोल्टांची भोकं कोरडी करा, हेड ब्लॉकवर ठेवा. दहा बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं आवळा. बेल्ट खुणांवर बसवा.

किल्लीला अजून हात लावू नका. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. कॉम्प्रेशनचा लवचिक विरोध पान्याला जाणवेल, तो ठीक आहे. पण एकदम कडक अडलं तर वॉल्व्ह पिस्टनला टेकलाय. तिथेच थांबा, पाना सोडा आणि बेल्टच्या खुणा पुन्हा बघा.