खेळातील नियम आणि त्यांची जबाबदारी

खेळ म्हणजे स्वखुशीने पत्करलेली अडचण, तेव्हा तिच्याविरुद्ध खेळणाऱ्याने कुरकुर करू नये, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. बुद्धिबळातील घोडा अडीच घरेच का चालतो, असा जाब खरोखरच कोणी विचारत नाही, कारण त्या एका बंधनातून डावाच्या असंख्य शक्यता जन्मास येतात. परंतु ज्या बंधनातून काहीच निष्पन्न होत नाही, ते खेळणाऱ्याच्या वेळेवर बसवलेली निव्वळ जकात होय.

इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील ‘हॅलो गेम्स’ या छोट्या संस्थेने २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला, तेव्हा गणिती सूत्रांच्या आधारे तिने २ च्या ६४ व्या घाताइतके, म्हणजे १८४ परार्धांहून अधिक ग्रह खेळणाऱ्यापुढे मांडले होते. कल्पनेची ही झेप निःसंशय थोर होती. मात्र अशा अफाट विश्वात उतरलेल्या प्रवाशाच्या वाट्याला आलेली थैली इतकी तोकडी होती, की अनोळखी वनस्पती न्याहाळण्यापेक्षा कोणता जिन्नस ठेवावा आणि कोणता टाकावा, याच विवंचनेत त्याचा बराच काळ जाई. त्यातच यादीतील वस्तू हलवण्यापासून परग्रहवासीयाला उत्तर देण्यापर्यंत बहुतेक प्रत्येक कामासाठी पडद्यावरील वर्तुळ पूर्ण भरेपर्यंत बटण दाबून धरावे लागे. मौल्यवान वस्तू चुकून नष्ट होऊ नये म्हणून अशी खबरदारी घेतली असती तर ती समजण्याजोगी होती. पण तोच दंडक सरसकट लागू केल्यामुळे सावधगिरीचा हेतू लोपला आणि तिष्ठणे तेवढे उरले.

लहान निर्मात्यावर वरिष्ठांचे हुकूम नसतात, हे त्याचे भाग्य आहे. परंतु म्हणूनच त्याच्या प्रत्येक नियमाची जबाबदारी संपूर्णपणे त्याचीच ठरते. २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’ या अत्यंत कठीण खेळात कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणाच्या अल्पांशापुरती उडी मारण्याची मुभा ठेवलेली आहे. तिच्यामुळे चढाई सोपी होत नाही. हात आणि डोळा यांच्यात पडणारे किंचित अंतर गुन्हा मानले जात नाही, एवढेच. खेळणाऱ्याच्या शरीराचा असा विचार जिथे झालेला असतो, तिथे वारंवार येणारे अपयशही तो तक्रार न करता कबूल करतो.

‘नो मॅन्स स्काय’च्या कर्त्यांनी पुढील वर्षांत कोणतेही जादा मूल्य न घेता आपली कृती पुष्कळ सुधारली, आणि त्याबद्दल ते अभिनंदनास पात्र आहेत. तरीही ग्रहांच्या संख्येत आणखी शंभरपट भर घातली असती तरी थैलीची कुचंबणा तसूभरही हटली नसती. विशालता सूत्राने निर्माण करता येते, सोय मात्र एकेका कृतीपाशी थांबून, ती करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवूनच घडवावी लागते. हे कष्ट ज्याने घेतले, त्यालाच खेळणाऱ्याकडून कष्टांची अपेक्षा करण्याचा अधिकार पोहोचतो.